विहीणबाईंचं कुलूप

हां, तर विहीणबाई आमच्या कपाटाच्या मागे शिरल्या, इथपर्यंत काल आलो होतो आणि तेवढ्यात जेवायची हाक आली. जे काल नव्हते त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की विहीणबाई म्हणजे आमच्या सूनबाईची आई, आणि हा प्रसंग लग्नाच्या बोलण्यांचा. मुलीची आई घर बघायला येणार म्हणून आमच्या हिने दोन दिवस आधीपासून घर घासूनपुसून ठेवलेलं. बैठकीतलं मोठं लाकडी कपाट तर असं चमकवलं होतं की त्यात तोंड बघून मी भांग पाडला. बाई आल्या, बसल्या, पाणी प्यायल्या, कपाटाकडे एकदा बघितलं, आणि उठून सरळ कपाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत आडव्या होऊन शिरल्या. ही माझ्याकडे बघते, मी हिच्याकडे. चहा निवतोय. आतून आवाज आला, "व्याही, जरा बॅटरी द्या."

बॅटरी दिली. पाचेक मिनिटांनी बाई बाहेर आल्या. केसांत जळमट, नाकावर धूळ, आणि चेहरा मात्र जेवण झाल्यासारखा तृप्त.

"फळ्या हाताने रंधलेल्या आहेत," त्या म्हणाल्या. "स्क्रू सगळे मूळचे. मधे कुणीतरी एक पाय बदललाय, पण चोरून नाही, उघड उघड. चांगलं घर आहे. मला पसंत आहे."

"अहो, पण मुलगा कुठे बघितलात तुम्ही?" हिने विचारलं.

"त्याला पुढून बघितलाय. मागून लग्नानंतर कळतोच."

लग्न झालं. मुलगा मागूनही बरा निघाला असावा, कारण नंतर तक्रार आली नाही.

विहीणबाईंचा धंदा किल्ल्या-कुलपांचा. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान. दुकान म्हणजे काय, दोन खऱ्या दुकानांच्या मधे उरलेली जागा. त्या आत बसल्या की गिऱ्हाइकाने बाहेर उभं राहायचं. आधी त्यांचे यजमान तिथे बसायचे. मुलगी, म्हणजे आमची सूनबाई, सहा महिन्यांची असताना ते गेले. नातेवाइकांनी सांगितलं, दुकान विक आणि भावाकडे जा. बाईंनी दुसऱ्या महिन्यात दुकान उघडलं, फळीखाली खोक्यात मुलीला निजवलं आणि कानस हातात घेतली. चार वर्षं नवऱ्याच्या शेजारी बसून जे डोळ्यांनी शिकल्या होत्या तेवढंच भांडवल. पहिल्या वर्षी लोक कुलूप द्यायचे आणि तिथेच उभे राहायचे, बाई कुठे चुकते ते बघायला. चुकली नाही म्हणून हिरमुसून घरी जायचे.

आणि खेळयंत्रांचं वेड त्यांना लागलं तेही किल्लीमुळेच. तुमच्यातल्या थोड्यांनी ही यंत्रं बघितली असतील. मेळ्यात, बंदरावर, करमणुकीच्या तंबूत ओळीने उभी असायची. नाणं टाकलं की काचेमागची बाहुली मान डोलावून भविष्याची चिठ्ठी टाकायची. एका यंत्राची मूठ आवळली की काटा फिरून तुमची ताकद सांगायचा. मी बायकोसमोर एकदाच आवळली, आणि तो विषय आमच्या घरात अजून निघतो. पुढे मेळे बसले, यंत्रं गोदामांत गेली आणि त्यांच्या किल्ल्या हरवल्या. मग लोक विहीणबाईंना बोलवू लागले. कुलूप उघडायला गेलेली बाई आत डोकावली की तास तास बाहेर यायची नाही. कुठे कुठला स्क्रू, कुठल्या लाकडाची पाठ, स्प्रिंग कशी गुंडाळलेली, सगळं वहीत उतरवायची. अशा बावीस वह्या झाल्या आहेत. शाळा सातवीपर्यंतची, पण आज कुणाकडे असं जुनं यंत्र निघालं की ते कधीचं, कुठल्या कारखान्याचं, खरं की नक्कल, हे विचारायला मोटारी घेऊन माणसं त्या गल्लीत येतात आणि बाहेर उभी राहतात.

त्यांची पद्धत ठरलेली. पाठ आधी, तोंड नंतर. "तोंडाला सगळेच रंग लावतात," त्या म्हणतात. "पाटी बदलता येते, काच बदलता येते. मागच्या फळीला खोटं बोलायला कोण शिकवणार?" बुटक्या स्टुलावर यंत्राच्या मागे बसायचं, काही पुसायचं नाही, आधी नुसता वास घ्यायचा. मग स्क्रू. डोक्यावर सरळ एक खाच असेल तर जुना, अधिकच्या चिन्हासारखी असेल तर नंतरचा. मग नाणं घरंगळत जातं ती पन्हळ. हजारो नाण्यांनी तिथे चकचकीत रेघ पडलेली असते, ती बोटाने चाचपायची. नक्कल करणारे सगळीकडे सारखी झीज करतात. खरी झीज एका जागी असते, माणसाचा अंगठा जिथे टेकतो तिथे.

आणि दुसरा नियम, मालकाला काही विचारायचं नाही. "मालक लबाड असतो असं नाही हो व्याही. पण जे खरं असावंसं त्याला वाटतं, ते तो सांगतो. आपल्या कानात एकदा ते गेलं की डोळे तेच शोधतात." मला हे फार पटलं होतं. मी दोन-चार जणांना माझं म्हणून ऐकवलंही.

तर या नियमानेच घात केला. आता मुख्य गोष्ट ऐका.

आमच्या इथल्या संग्रहालयात खेळयंत्रांचं दालन करायचं ठरलं. अट अशी, की यंत्र ऐंशी वर्षांहून जुनं पाहिजे. अकरा यंत्रं आली आणि वय ठरवायला विहीणबाईंना बोलावलं. लेखी अहवाल, खाली त्यांची सही. आमच्या हिने त्या दिवशी शेजारीपाजारी सगळीकडे सांगितलं, जणू सही हिचीच होती.

अकरांपैकी एक होतं शिंप्याचं कपाट. माणसाच्या छातीइतकं उंच, वर काच, आत बोटभर उंचीची माणसं. नाणं टाकलं की आतला अडसर सुटायचा, चावी दिलेली स्प्रिंग उलगडायची आणि शिंपी शिवणयंत्र चालवायला लागायचा. मागचं दार उघडून त्याची बायको झाडू उगारायची, मांजर टेबलाखाली पळायचं, आणि कोपऱ्यात एक पाळणा हलायचा. हे कपाट एका मेळेवाल्या आजोबांचं. वय शहाऐंशी, उभं आयुष्य मेळ्याबरोबर हिंडलेले, आता मुलाच्या दोन खोल्यांत राहणारे. ते येईल त्याला सांगायचे, "हे माझ्या आईने केलंय. चाकूने कोरून. आणि पाळण्यातलं पोर म्हणजे मी." लोक हसायचे. बाईमाणसाने असलं यंत्र केलं हे कुणाला खरं वाटेना, कारखान्यातून आणलेलं असणार म्हणायचे. आजोबांना कपाटाचे पैसे नको होते. यंत्र दालनात लागलं तर शेजारच्या पाटीवर करणाऱ्याचं नाव यायचं होतं. आईचं नाव एकदा छापलेलं बघायचं, एवढीच त्यांची मागणी.

विहीणबाईंनी कपाट मागून उघडलं. फळ्या जुन्या. स्क्रू जुने. पन्हळही फार जुन्या, मोठ्या नाण्याच्या मापाची, पुढे पितळेची पट्टी मारून बारीक केलेली. सगळं ठीक चाललं होतं आणि मग त्या मागच्या दाराच्या कुलपापाशी आल्या. कुलूप नव्या धाटणीचं. तसली कुलपं बाजारात येऊन जेमतेम पंचेचाळीस वर्षं झालेली. आता कुलूप बदललेलं असू शकतं, ते त्यांना माहीत नाही का? पण कुलूप बदललं की खुणा राहतात, जुनी भोकं, बुजवलेल्या खाचा, दोन रंगांचं लाकूड. इथे काही नाही. कुलूप लाकडात असं बसलेलं जसं दार त्याच्यासाठीच जन्माला आलं. भिंगाने बघितलं, नखाने बघितलं. सांधा नाही. कुलूप काढून खाली बघितलं तर कापडाची एक व्यवस्थित घडी, कडेतून निळं काहीतरी डोकावणारी, खडखड होऊ नये म्हणून घातलेली. कारखान्याचं काम, त्यांनी ठरवलं. दार कुलपाइतकंच जुनं, आणि कपाट दाराइतकं. वहीत आणि अहवालात त्यांनी लिहिलं, "वय फार तर पंचेचाळीस वर्षं. जुन्या यंत्रांचं सामान वापरून केलेलं."

आजोबा तिथेच बाकावर बसले होते. त्यांना ते वाचून दाखवलं, कुलपाचा उल्लेखही त्यात नव्हता. त्यांनी काचेतून पाळण्याकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे मी चाळिशीत पाळण्यात निजलो म्हणायचं." आणि काठी घेऊन निघाले. मुलाच्या घरी जागा नाही, म्हणून पुढच्या सोमवारी दुपारी कपाट न्यायला भंगारवाल्याचा टेम्पो संग्रहालयात यायचा ठरला.

विहीणबाईंना त्या दिवसापासून चैन पडेना. "अहवाल चुकला का?" मी विचारलं. "चुकला असता तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "कुठे चुकला ते सापडत नाही."

रविवारी त्या आमच्याकडे आल्या, नातीला बघायला. नात पाच महिन्यांची. सूनबाईने माहेरची जुनी पेटी उघडून लहानपणचे कपडे काढले होते आणि पोरीला एका पिवळ्या दुपट्यात गुंडाळलं होतं. दुपट्यावर निळी बदकं, आणि एक कोपरा सरळ रेषेत गायब.

"याचा कोपरा उंदराने खाल्ला ना गं आई?" सूनबाई म्हणाली.

"उंदीर काय पट्टी लावून खातो?" विहीणबाई म्हणाल्या. "मीच कापला. पहिल्या वर्षी कुलपाखाली घालायला मऊ कापड नव्हतं दुसरं. बाईने बसवलेलं कुलूप खडखडतं असं कुणी म्हणायला नको, म्हणून मी..."

आणि त्या थांबल्या. हातात दुपट्याचा तो कापलेला कडेचा भाग. तोंड उघडं.

"व्याही," त्या म्हणाल्या, "त्या कपाटाच्या कुलपाखाली बदक होतं."

आमची ही आतून आली आणि घाबरून विचारलं, "काय झालं विहीणबाई, चक्कर आली का?"

"नाही. अक्कल आली."

मग हळूहळू सगळं आठवत गेलं. चौतीस वर्षांपूर्वी एक माणूस नुसतं एक दार काखेत मारून दुकानात आला होता. चोरांनी आतल्या नाण्यांसाठी पहार घालून ते फोडलेलं. दार कशाचं ते त्याने सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही. कुलपाकडची उभी पट्टी चिरफळ्या झालेली. तेवढ्याच जुन्या लाकडाची पट्टी पाहिजे होती आणि घरात तितकं जुनं लाकूड एकच होतं, यजमानांच्या हत्यारपेटीचं झाकण. त्यांनी झाकण कापलं, पट्टी जोडली, कोऱ्या चहाच्या पाण्याने रंग मिळवला आणि नवं कुलूप बसवलं. दार गेलं. कपाट त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

"म्हणजे," मी म्हणालो, "तुम्हाला फसवणारा तो कारखाना..."

"मीच," विहीणबाई म्हणाल्या. "चला, उद्या पिशवी धरायला तुम्ही या. मला हत्यारपेटी न्यायचीय आणि ती जड आहे."

सोमवारी संग्रहालय बंद असतं, पण मोठे साहेब आत होते. तरुण माणूस, गोड बोलणारा. विहीणबाई दुकान उघडण्याआधी आजोबांच्या घरी गेल्या होत्या आणि त्यांना रिक्षात घालून घेऊन आल्या होत्या. आजोबा रुसलेले.

साहेब म्हणाले, "बाई, आता काय करता येणार? अहवाल तुमचाच आहे. सहीसुद्धा आहे."

"म्हणून तर आले. दुसऱ्याचा असता तर नुसतं भांडून गेले असते."

त्या स्टुलावर बसल्या आणि कुलूप काढलं. खालची घडी चिमट्याने उचलून टेबलावर उलगडली. चौतीस वर्षांत मागची बाजू पिवळीची तपकिरी झालेली, आतली मात्र जशीच्या तशी, निळं अर्धं बदक. माझ्या पिशवीतून दुपटं निघालं. अर्ध्या बदकाला अर्धं बदक लागलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग हत्यारपेटी. तिचं झाकण एका बाजूने चार बोटं आखूड. बाईंनी दार बिजागऱ्यांतून उतरवून पेटीवर आडवं धरलं, पट्टी झाकणाच्या कडेला टेकवली, आणि मी डोळ्यांनी बघितलेलं सांगतो, झाकणावरच्या रेषा सरळ चालत पट्टीत गेल्या. एक गाठ होती, तीसुद्धा अर्धी इकडे, अर्धी तिकडे.

"कुलूप चौतीस वर्षांचं," विहीणबाई म्हणाल्या. "ते मी बसवलं. त्यावरून कपाटाचं वय काढणं ही माझी चूक. ते वाक्य मी खोडते."

साहेब भला माणूस होता, पण हुशारही होता. म्हणाले, "मान्य. कुलूप नंतरचं. पण म्हणून कपाट ऐंशी वर्षांचं आहे हे कुठे सिद्ध होतं? जुनं सामान वापरून कुणी पन्नास वर्षांपूर्वी केलेलं असू शकतं."

बरोबर होतं त्यांचं. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. भंगारवाला वेळेआधी आला होता.

आणि आता विहीणबाईंनी ते केलं जे आयुष्यात कधी केलं नव्हतं. त्या स्टूल फिरवून मालकाकडे तोंड करून बसल्या.

"आजोबा, माझ्यावर रागवा, पण नंतर. आधी एक सांगा. त्या पाळण्याच्या जागी तुमच्याआधी काय होतं?"

आजोबांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "तुम्हाला काय करायचंय? तुम्ही लाकडांना विचारता."

"चुकलं माझं. आता तुम्हाला विचारते."

"तिवई होती," आजोबा म्हणाले. "तीन पायांची. तीवर इस्त्री. मी झालो तेव्हा आईने तिवई उपटली आणि पाळणा बसवला. बाप म्हणाला, आता शिंपी इस्त्री कुठे ठेवील? आई म्हणाली, त्याचं तो बघेल."

"ऐकलंत साहेब? अजून मी हात लावलेला नाही. तुम्हीच या इकडे, भिंग घ्या. पाळण्याच्या स्क्रूवर रंग किती वेळा बसलाय?"

साहेब वाकले. "दोन... तीन थर दिसतात. कुठेच फुटलेला नाही."

"म्हणजे पाळणा बसवल्यावर त्याला कुणी हलवलेलं नाही, खाली काय आहे ते कुणी बघितलेलं नाही. आता मी हलवते."

त्यांनी सुईसारख्या टोकाने खाचेतला रंग टोकरला. स्क्रू ड्रायव्हर लावला, अंगठा दाबला आणि श्वास धरला. तो मीही धरला, विनाकारण. पहिला स्क्रू कुरकुरला आणि सुटला. दुसरा सुटला. पाळणा दोन बोटांत उचलून त्यांनी आजोबांच्या तळहातावर ठेवला.

खालची जमीन हिरवी होती. बाकीची जमीन तपकिरी झालेली, पण पाळण्याखाली पहिल्या दिवसाचा हिरवा रंग. आणि त्या हिरव्यात तीन गोल, कोरे, लाकडाचे ठिपके, प्रत्येकाच्या मधे एक भोक. तीन पायांच्या तिवईचे तीन पाय.

टेम्पोवाला दारात येऊन उभा होता, तोही आत बघायला लागला.

"आजोबा शहाऐंशीचे," विहीणबाई म्हणाल्या. "पाळणा त्यांच्याइतका. तिवई त्याच्याआधीची, आणि जमीन तिवईच्या वेळची. लिहून घ्या साहेब. वय शहाऐंशीहून जास्त. आणि करणारीच्या जागी यांना विचारून नाव घाला."

साहेब लिहीत होते. आजोबांनी आईचं नाव सांगितलं, मग पुन्हा सांगितलं, मग साहेबांचा कागद हातात घेऊन बरोबर लिहिलंय का ते स्वतः बघितलं. मग विहीणबाईंना म्हणाले, "रागवायचं राहिलं."

"रागवा की."

"आता आठवत नाही."

पाळणा पुन्हा बसवला. विहीणबाईंनी पितळेची पट्टी सोडवली, आपल्या डब्यातलं जुनं मोठं नाणं आजोबांच्या हातात दिलं. त्यांनी ते फटीत टाकलं. पन्हळीतून ते असं घरंगळलं जसं आपल्याच घरी निघालंय. खट्ट झालं, शिंप्याने मान खाली घातली आणि शिवायला बसला. दार उघडून बायको आली, झाडू उगारला. मांजर पळालं. पाळणा हलायला लागला, आणि शहाऐंशी वर्षांचा तो माणूस गुडघ्यांवर हात ठेवून, वाकून, स्वतःला झोके घेताना बघत राहिला. टेम्पोवाला म्हणाला, "पुन्हा एकदा लावा की." तीन वेळा लावलं.

निघताना साहेब दारापर्यंत सोडायला आले. त्यांच्या मनात एक राहिलं होतं. जरा अडखळत त्यांनी विचारलंच, "बाई, राग मानू नका, पण इतकी यंत्रं ओळखता तुम्ही. स्वतःच्या हातचं काम कसं काय ओळखता आलं नाही?"

मी पेटी खांद्यावर घेतली होती, ती तशीच धरून उभा राहिलो. विहीणबाईंनी पायात चप्पल सरकवली, पदर खोचला, आणि म्हणाल्या ते शब्द न् शब्द असे:

"अहो साहेब, मला ओळखता आलं असतं, तर ते नीट झालंच नव्हतं म्हणायचं की."